‘त्याला काय होतंय, ते तो सांगत नाही’ : वाचकांचे प्रश्न

कोरोनाची तिसरी लाट आली आणि विशेष मुलांच्या घरचं वेळापत्रक पुन्हा कोलमडलं. शाळा बंद, कार्यशाळा बंद, थेरपी मोबाईलवर. या महिन्यात त्याच घरांतून जास्त पत्रं आली, म्हणून जानेवारी 2022 चं हे सदर त्यांच्यासाठीच. मी डॉक्टर नाही. नागपुरातल्या एका विशेष शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं, त्या जोरावर बोलते. औषधाचा डोस कृपा करून मला विचारू नका.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, थोडंफार बोलतो. मास्क दोन मिनिटं तोंडावर ठेवत नाही. 3 जानेवारीपासून त्याच्या वयाच्या मुलांना लस सुरू झाली, पण मागे रक्त तपासायला नेलं तेव्हा चौघांनी धरलं होतं. तेव्हापासून दवाखान्याची पायरी चढत नाही. याचे बाबा म्हणतात, राहू द्या, तो कुठं बाहेर जातो? मॅडम, काय करू?
– एक आई, मानेवाडा

बाबांना सांगा, तो बाहेर जात नाही, पण तुम्ही जाता ना? दूध, भाजी, ऑफिस, लग्न, सगळं करून तुम्ही घरीच येता. लस हवीच.

आधी मास्क. आपल्या नागपुरात एक सोय आहे, ती लोक विसरतात. मे महिन्यात उन्हाचा तडाखा सुरू झाला की गाडीवर बसताना आपण मुलांच्या डोक्या-तोंडाला सुती दुपट्टा गुंडाळतो. तुमचा मुलगा तो गुंडाळू देत असेल, तर तोंड झाकण्याशी त्याचं वैर नाही. बहुतेक वेळा भांडण कानामागच्या इलॅस्टिकशी असतं, नाहीतर नव्या कापडाच्या वासाशी. त्याच दुपट्ट्याचं धुऊन मऊ झालेलं कापड घ्या आणि डोक्यामागे बांधायच्या नाड्या लावून तीन पदरी मास्क शिवा. पहिले काही दिवस तोंडावर नकोच. हातात, मग गळ्यात, मग हनुवटीवर. नाकावर आला की त्याच्या आवडीचं एक गाणं संपेपर्यंत ठेवायचा. गाणं संपलं की तुम्ही स्वतः काढायचा, त्यानं ओढून काढायच्या आत. हा क्रम महत्त्वाचा आहे. ओढून काढला की सुटका होते, हे एकदा पक्कं झालं तर पुढचा महिना वाया. आणि एवढं करूनही नाहीच ठेवला, तर त्याच्याभोवतीच्या सगळ्यांनी नीट लावायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, गर्दीत त्याला न्यायचं नाही. त्यासाठी त्याला मारू नका. मारल्याचं कळवणारी दोन पत्रं या महिन्यात आली आहेत, ती मी छापत नाही.

आता लस. 2007 किंवा त्याआधी जन्मलेल्या मुलांना कोव्हॅक्सिन मिळतेय, दुसरा डोस चार आठवड्यांनी. म्हणजे पहिल्या खेपेला जे घडेल त्यावर दुसरी खेप ठरणार. धरून-दाबून पहिला डोस उरकलात, तर दुसऱ्याला तो घराबाहेर निघणार नाही.

लसीकरण केंद्रावर आधी एकट्या जाऊन या. तिथल्या सिस्टरशी बोला. या बायकांनी वर्षभर काय काय पाहिलंय! नीट समजावून सांगितलं तर बहुतेक जणी मदत करतात. गर्दी कधी नसते ते विचारा, अगदी सकाळी की बंद व्हायच्या वेळी. मोबाईलवर फाटक, खुर्ची, टोचायची जागा यांचे फोटो काढून आणा, दिवसाचा क्रम दाखवणाऱ्या नेहमीच्या चित्रांच्या पट्टीत लावा आणि रोज झोपताना दाखवा: गाडी, फाटक, खुर्ची, बाही वर, टोचलं, थांबायचं, घर. ‘काही टोचणार नाही, फक्त बघून येऊ’ असं चुकूनही म्हणू नका. ‘टोचेल, दुखेल, पाचपर्यंत मोजू, संपेल’ असं म्हणा आणि खरंच पाचात संपवायला सिस्टरला सांगून ठेवा.

थंडी आहे, तर समोर चेन असलेला स्वेटर आणि आत अर्ध्या बाहीचा शर्ट घाला. डोक्यातून काढायचा स्वेटर असेल तर टोचण्याआधीच रणकंदन होतं. कातडी बधिर करणारं मलम मिळतं, ते तासभर आधी लावावं लागतं. चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. नंतरचा अर्धा तास थांबायचा नियम आपल्या पोरांना सुईपेक्षा जड जातो. तो केंद्राच्या आवारात झाडाखाली किंवा गाडीत काढू देतात का, हे आधीच ठरवून ठेवा. बक्षीस टोचल्यावर नाही, हा अर्धा तास संपल्यावर द्या.

एवढं करूनही तो घराबाहेर पडलाच नाही, तर घरी येऊन लस द्यायची सोय आहे. अपंगत्वामुळे केंद्रावर येऊ न शकणाऱ्यांना घरी लस द्यावी, असं केंद्र सरकारनं 23 सप्टेंबर 2021 ला सांगितलंय. महापालिकेच्या तुमच्या झोन ऑफिसात अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच.

कोरोनाच्या तपासणीचंही याच ओघात सांगते. नाकात खोल काडी घालू न देणाऱ्यांसाठी आपल्याच शहरातल्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची आरटीपीसीआर पद्धत काढली. पंधरा सेकंद गुळणी करायची, नळीत थुंकायचं, झालं. मे 2021 मध्येच तिला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मान्यता मिळालीय. तुमच्या भागातल्या लॅबला ती करतात का विचारा. मात्र गुळणी करणं ही शिकायची गोष्ट आहे, आपली बरीच मुलं पाणी गिळून टाकतात. आजपासून दात घासताना सवय करा. ताप चढल्यावर शिकवत बसायला वेळ नसतो.

माझी मुलगी 24 वर्षांची, डाऊन सिंड्रोम आहे. कोरोनाच्या आधी कार्यशाळेत जायची, कागदी पिशव्या बनवायची, हसतमुख होती. आता दिवसभर लोळते, दुपारी झोपते, रात्री घोरते. वजन खूप वाढलं. काही सांगितलं की रडते. लाॅकडाऊननं आळशी केलं तिला. व्यायाम कोणता करवावा?
– एक वडील, इतवारी

भाऊ, व्यायामाचं शेवटी सांगते. आधी ‘आळशी’ हा शब्द तिच्यासमोर वापरणं बंद करा. ती ऐकते, तिला कळतं, आणि रडते ती त्यामुळेही असू शकेल.

तुम्ही लिहिलेली यादी मी पुन्हा वाचली: सुस्ती, वजन, झोप, घोरणं, रडू. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाच्या बाबतीत ही यादी घेऊन पहिल्यांदा डॉक्टरकडे जायचं असतं. थायरॉइड कमी पडणं यांच्यात फार आढळतं. टीएसएचची साधी रक्ततपासणी दरवर्षी व्हायला हवी. दोन वर्षांत झाली नसणार, कोरोनाच्या भीतीनं कुणाचीच झालेली नाही. दुसरं घोरणं. जीभ मोठी, घसा अरुंद, स्नायू सैल, त्यात वजन वाढलेलं, म्हणून झोपेत श्वास अडकतो, रात्रभर झोपमोड होते आणि माणूस दिवसा पेंगतो. एका रात्री तिच्या उशाशी बसा. घोरता घोरता मध्येच आवाज बंद पडतो आणि मग दचकून मोठा श्वास घेतला जातो, असं होतंय का पाहा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ते दाखवलंत तर तुमचं अर्धं बोलणं वाचेल. तिसरं हृदय. यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. तिचा लहानपणी काढलेला इको (हृदयाची सोनोग्राफी) कुठल्या फाईलमध्ये आहे, शोधा. हे सगळं ठीक निघालं तर चौथं, मन. मैत्रिणी सुटल्या, काम सुटलं, पगाराचं पाकीट सुटलं. उदासपणा यांनाही येतो आणि त्याला उपचार आहेत.

कोरोनाच्या दृष्टीनंही हे टाळून चालणार नाही. ब्रिटनमध्ये 2020 मध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांना कोरोनानं मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दहापट दिसला. ‘लक्षणं सौम्य आहेत’ हे टीव्हीवरचं वाक्य तिच्यासाठी नाही. तिचे दोन्ही डोस झालेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील तर हे पान वाचून झाल्यावर पहिलं काम तेच.

आता व्यायाम. तुमचं किराण्याचं दुकान आहे असं पत्रावरच्या शिक्क्यावरून दिसतं. मग ट्रेडमिल कशाला शोधता? गर्दी नसताना, सकाळी उघडायच्या वेळी तिला दुकानात न्या. पाव किलोच्या पुड्या बांधणं, लेबलं चिकटवणं, वरच्या माळ्यावरून रिकामे डबे आणणं. रोज ठरलेल्या वेळी, आणि शनिवारी पैसे हातात. तुमच्या घरात कुणी फुकट काम करत नाही, तिनं का करावं? खाण्याचं म्हणाल तर दुकानदाराच्या घरात बिस्किटं आणि चिवडा बंद करणं मला जमलं नसतं, तुम्हालाही जमणार नाही. ताट लहान घ्या, दुसऱ्यांदा वाढायचं ते फक्त वरण आणि भाजी, आणि सध्या गल्लोगल्ली संत्री आहेत, चारच्या चहाबरोबर बिस्किटाऐवजी तीच.

माझे आई-बाबा एप्रिल 2021 मध्ये आठवड्याच्या अंतरानं कोरोनानं गेले. माझा मोठा भाऊ 38 वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग. आता तो माझ्याकडे आहे. त्याला आम्ही सांगितलं की आई गावाला गेली. तो रोज सायंकाळी दारात खुर्ची टाकून बसतो. हल्ली जेवत नाही, माझ्या मुलावर हात उगारतो. घर आई-बाबांच्या नावावर आहे, तो सही करतो, पण काय लिहिलंय ते त्याला कळत नाही.
– एक बहीण, प्रताप नगर

ताई, तुम्ही स्वतःच्या दुःखाबद्दल एक ओळही लिहिलेली नाही.

दादांना खरं सांगा. सोप्या शब्दांत आणि बसून: ‘आई आजारी पडली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. आई मेली. बाबा पण मेले. ते आता परत येणार नाहीत. तू माझ्याकडे राहणार.’ शब्द कठोर वाटतील, पण त्यांना असेच कळतील. गावाला गेलेलं माणूस एसटीनं परत येतं, म्हणून ते दारात बसतात. त्यांचं चुकत नाहीये. एकदा सांगून भागणार नाही. ते परत परत विचारतील आणि दर वेळी तेच शब्द तसेच सांगावे लागतील, तुमच्या घशात आवंढा आला तरी. तुम्ही त्यांच्यासमोर रडलात तर बिघडत नाही. उलट या घरात कुणी रडलंच नाही, हे त्यांना जास्त विचित्र वाटत असेल.

मागच्या एप्रिलमध्ये आपल्या शहरात अंत्यविधी कसे झाले, ते सगळ्यांनी पाहिलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह, पीपीई घातलेली माणसं, घरच्यांना लांब उभं केलेलं. दादांनी तर तेवढंही पाहिलेलं नाही. वर्षश्राद्ध येतंय, त्यात त्यांना हाताशी घ्या. भटजींना आधी सांगा, थोडक्यात करतील. फोटोला हार दादांनी घालायचा, पानावर आईच्या आवडीचा पदार्थ दादांनी वाढायचा. आईचं एखादं लुगडं किंवा शाल त्यांच्याजवळ राहू द्या, धुवायची घाई नको. सायंकाळची खुर्चीची वेळ रिकामी ठेवू नका. त्याच वेळी दिवा लावणं त्यांच्याकडे द्या, नंतर तुमच्या मुलाबरोबर कोपऱ्यापर्यंत एक फेरी.

हात उगारणं, न जेवणं, कपड्यात लघवी होणं ही यांची दुःख सांगायची रीत असते, पण दुखणं सांगायचीही हीच रीत असते. म्हणून आधी दात, कान, पोट तपासून घ्या. बद्धकोष्ठ असलेला माणूसही हात उगारतो! त्यात काही निघालं नाही आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार ओपीडीत दाखवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर कायद्यानं कुणीच आपोआप पालक राहत नाही, बहीणही नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. तिथं अर्ज करा आणि तोवर घराच्या कुठल्याही कागदावर दादांची सही घेऊ नका, कुणाला घेऊ देऊ नका. त्याच न्यासाची निरामय विमा योजना आहे, लाखभरापर्यंतचा खर्च मिळतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. कोरोनानं गेलेल्यांच्या वारसांना मिळणारे 50,000 रुपये दोघांसाठी वेगवेगळे असतात, अर्ज केला नसेल तर करा. वडील सरकारी नोकरीत असतील तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यांच्या जुन्या कार्यालयात विचारा.

आमची मुलगी बारा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नाही), फिट्स येतात, बोलत नाही. घरात आम्ही दोघंच. आम्ही दोघंही पॉझिटिव्ह आलो तर? ती पॉझिटिव्ह आली तर? रात्री झोप लागत नाही.
– एक जोडपं, काटोल रोड

या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त जागा देणार होते, पण उत्तर एका कागदात मावतं. आज रात्री झोप येत नसेल तर तो लिहायला बसा.

तुम्ही दोघं नसताना अनोळखी सिस्टरच्या हातात हा कागद पडणार आहे, हे धरून लिहा. ‘ती बोलत नाही’ हे तिला दिसेलच. कशातून काय ओळखायचं, ते लिहा. उदाहरणार्थ, दुखलं की डावा हात चावते. भूक लागली की दाराकडे बघते. भरवताना पाठ टेकवून अर्धवट बसवायचं, आडवी असताना पाणी पाजायचं नाही, नाहीतर ते फुप्फुसात जातं. वरण किती दाट लागतं, चमचा कोणता, एक घास गिळायला किती वेळ घेते. वजन किती. औषधांची नावं, मिलिग्रॅम आणि वेळ, बाटलीवरून उतरवून. शेवटची फिट कधी आली, किती वेळ चालली. आणि सगळ्यात वर तिचं नेहमीचं काय आहे ते: बरी असताना श्वास कसा चालतो, अंग किती गरम असतं, ऑक्सिमीटर किती दाखवतो. आज बरी आहे, आजच मोजा. हात आखडलेला आणि गार असला की यंत्र चुकीचं दाखवतं, म्हणून तळवा चोळून गरम करा, नाहीतर पायाच्या अंगठ्याला लावा. बरी असतानाचा आकडा माहीत नसेल तर आजारातल्या आकड्यावरून काही कळत नाही. तासाभरात पुन्हा पुन्हा 93 किंवा खाली दिसला, श्वासाला बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तिनं तुमच्याकडे बघणं सोडलं, किंवा ताप तीन दिवसांनंतरही 100 च्या वर राहिला तर घरी थांबू नका. कागदाची एक प्रत फ्रिजवर, एक यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राबरोबर पिशवीत, एक फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये.

फिटची औषधं निदान महिनाभर पुरतील एवढी घरात हवीत. ताप आला की फिट यायचा संभव वाढतो, तेव्हा तापाचं औषध तिच्या वजनाला किती, ते आत्ताच विचारून कागदावर चढवा. फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा नको, चप्पल नको, आजी कितीही आग्रह करू देत. पाच मिनिटांच्या वर गेली तर 108. नाकात मारायचा स्प्रे मिळतो, तो घरी ठेवावा का, ते तिच्या डॉक्टरांना विचारा.

आणि तुमच्या जागी तिला सांभाळू शकेल असा एक माणूस शोधा. ‘सगळे आहेत आमचे’ असं म्हणू नका, सगळे म्हणजे कुणीच नसतं. एक मावशी, एक काका, कुणीतरी जिनं किंवा ज्यानं दोन्ही डोस घेतलेत आणि तिला स्वतःच्या हातानं निदान दोनदा भरवलंय. या रविवारी बोलवा, खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावून, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसा.

दवाखान्यात ‘सोबत कुणी थांबायचं नाही’ असं सांगतील. भांडू नका, कागद दाखवा. दिव्यांगांना सोबत्याची गरज असते, हे धरून केंद्राच्या दिव्यांगजन विभागानं 26 मार्च 2020 लाच मार्गदर्शक सूचना काढल्यात आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात उपचारांत प्राधान्य द्यायला सांगितलंय. दोन्हींची छापील प्रत पिशवीत असू द्या. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला ते ठाऊक असेलच असं नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

माझ्या नातवाला फिट्स येतात. शेजारणीनं सांगितलं म्हणून त्याच्या गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधली आहे, ऑक्सिजन वाढतो म्हणे. दिवसातून दोनदा वाफही देते. बरोबर ना?
– एक आजी, वर्धा

आजी, पुरचुंडी आत्ता काढा. त्यानं ऑक्सिजन वाढत नाही, आणि कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते. गळ्यात बांधलेली वस्तू नातू तोंडात घालणार नाही याची हमी शेजारीण देणार आहे का? वाफेचं पातेलंही उचलून ठेवा. हात-पाय एकदम झटकणाऱ्या मुलाजवळ उकळतं पाणी नको, भाजून आलेली पोरं मी पाहिलीत. नाक चोंदलंच तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मेडिकल स्टोअरमध्ये मिळतात.